वाचून दाखवायची अट

मोहिनीने माती तपासायची नोकरी सोडून जगातले धर्म शिकायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न तिच्या वडिलांनी विचारला, आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता.

"काय व मोहिनी," लीलाधर पाटील म्हणाले, "माती समजली तुले. आता देव कायले समजून घेऊ राहिली?"

यावल तालुक्यातला हा केळीचा बागायतदार माणूस. मुलीला कृषी पदवीधर केलं, जळगावच्या खाजगी प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते. तीन वर्षं मोहिनीने लोकांच्या शेताची माती वाळवली, चाळली, नत्र-स्फुरद-पालाश मोजलं आणि अहवाल दिले. काम ती चोख करायची. बिघडलं ते एका पिशवीने. एरंडोलकडच्या झिपरू आबांनी आणलेल्या मातीत कुंकू निघालं, वर दोन-चार अक्षता. मोहिनीने फोन लावला, नमुना खराब झालाय, दुसरा आणा म्हणाली. आबा तिकडून शांतपणे म्हणाले, "ताई, ती माय शे आपली. तिले उकरानं म्हनजे आगोदर पाया पडना पडस."

झालं. त्या दिवसापासून ती माती घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागली. कुणी पहिली कुदळ मारताना बिस्मिल्ला म्हणायचं, कुणी चपला बांधावर काढायचं, कुणी काहीच करत नाही म्हणायचं आणि जाताना हळूच सांगायचं की अमावास्येला मात्र माती काढत नाही. ही उत्तरं ती नमुन्याच्या कार्डांच्या मागच्या बाजूला लिहायची. वर्षभरात पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजूच तिला जास्त वाचाविशी वाटू लागली, आणि तेव्हा तिला कळलं की आपलं आता खरं नाही.

धुळ्याच्या एका कॉलेजात जगातल्या धर्मांचा एम.ए. होता. दुसऱ्या शाखेच्या पदवीधरांसाठी त्याला आधी एक वर्षाचा ब्रिज कोर्स. तो पास झालात तर एम.ए.ला प्रवेश, नाही तर आल्या वाटेने परत. लीलाधररावांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी बागेतून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "एक साल देतो. पास झाली तं पुढचं पाहू. नई तं मंग माती हाये आपली." मोहिनीला त्या क्षणी वडिलांना मिठी मारावीशी वाटली. त्यांच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून तिने चहा केला.

ब्रिज कोर्सला सहा जण होते. एक औषधांचा पदवीधर, दोन कॉमर्सवाल्या, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक संगणकवाला आणि ही. शिकवायला तोताराम महाजन सर. पन्नाशी उलटलेले, आवाज बारीक, आणि चिडले की आणखी बारीक होणारा. बुद्ध, महावीर, येशू, पैगंबर, गुरू नानक आणि जरथुष्ट्र हे सगळे त्यांनी चार महिन्यांत या सहा जणांच्या अंगणात आणून उभे केले. मोहिनी तर दिपून गेली. आपण एवढी वर्षं या जगात राहत होतो आणि शेजारच्या घरात काय चालतं याचा पत्ता नव्हता, असं तिला रोज वाटायचं.

लिहायला बसली की मात्र हात जुन्या सवयीने चालायचा. बाप्तिस्म्यावरच्या पहिल्या उत्तरात तिने उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष असे चार मथळे दिले. सरांनी लाल शाईने खाली लिहिलं, "साहित्यात पाणी लिहिलंत. किती मिलिलिटर, ते राहिलं." वर्गात सगळे हसले आणि मोहिनीही हसली, पण वहीत तो शेरा तिने जपून ठेवला.

पास-नापास ठरणार होतं ते प्रकल्पावर. सरांनी जुलैतच अट सांगितली होती. "आपला नसलेला एक धर्म निवडा. त्या धर्मातलं एक घर निवडा. एकच. तीन महिने तिथे जा, बसा, बघा, आणि चाळीस पानं लिहा. लिहून झालं की त्या घरात जाऊन मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. 'हे आम्हीच' असं म्हणून त्यांनी सही केली, तरच मी ती पानं हातात घेईन. सही नसेल तर कितीही छान लिहा, नापास."

मोहिनीने जळगावातलं एक जैन घर निवडलं. रूपलभाभी एकदा गच्चीवरच्या कुंड्यांची माती घेऊन प्रयोगशाळेत आली होती. बाकीचे सगळे हसले, मोहिनीने ती माती एकरभर शेताच्या इमानाने तपासून दिली. तेव्हापासूनची ओळख. रूपलचा नवरा अखिल कापडाचं दुकान सांभाळायचा, मुलगी चेलना कॉलेजात शिकायची, आणि घरात होत्या रूपलच्या सासूबाई, कुसुमलता; चेलनाच्या दादीजी, म्हणून मोहिनीच्याही. वय सत्त्याहत्तर. राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं हे घर, घरात मारवाडी चाले, पण दादीजींचं मराठी पक्कं जळगावचं. मोहिनीला पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "परीक्षेसाठी आलीस ना बेटा? बस. आधी जेव. उपाशी पोटी धर्म कुणाला कळला नाही."

दर शनिवारी पहाटेची बस धरून मोहिनी धुळ्याहून जळगावला यायची आणि रविवारी संध्याकाळी परतायची. दादीजींनी तिला काही म्हणजे काही लपवलं नाही. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडावर पांढरी मुँहपत्ती बांधून एका जागी बसणं, तेही तिला शेजारी बसवून दाखवलं. सूर्य मावळायच्या आत जेवण का, कांदा-बटाटा का नाही, पाणी गाळून का, सगळं सांगितलं. पर्युषणाचे आठ दिवस तर मोहिनी रजा घेऊन तिथेच राहिली. गल्लीतल्या बायका कुणी तीन दिवसांचा उपवास धरायच्या, कुणी अठाई म्हणजे पुरे आठ दिवसांचा, पोटात जायचं ते फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडीच. ज्याने हा वेळ दिला त्याला आपण काय देणार, या विचाराने मोहिनीचा जीव अधूनमधून कासावीस व्हायचा. म्हणून तिने ठरवलं, अहवाल असा लिहायचा की बोट ठेवायला जागा राहू नये.

आणि नेमकी इथेच ती फसली. माती तपासणारा माणूस एका जागची माती कधी उचलत नाही. शेतात नागमोडी चालायचं, दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, दहा ठिकाणची माती एकत्र करायची, चांगली मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. एकाच खड्ड्यावर अहवाल देणाऱ्याला प्रयोगशाळेत उभं करत नाहीत. सर म्हणाले होते एकच घर. मोहिनीला वाटलं, सर भले माणूस आहेत पण त्यांना नमुना घेणं शिकवलेलं नाही. तिने रूपलभाभीकडून नातेवाइकांचे पत्ते घेतले, एक प्रश्नावली छापली आणि नशिराबाद, एरंडोल, अमळनेर असं फिरून आणखी नऊ घरांतल्या नऊ आज्यांना तेच प्रश्न विचारले. सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं. सगळ्यांचं तिने एकत्र केलं, सरासरी काढली आणि दादीजींच्या घराच्या नावाने चाळीस पानं लिहून काढली.

वाचनाचा शनिवार आला. दुपारची जेवणं झाली होती. दादीजी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या, रूपल जमिनीवर बसून खाखरे लाटत होती. मोहिनीने घसा साफ केला आणि वाचायला लागली. पहिली वीस पानं इतिहासाची होती, ती दादीजींनी मान हलवत ऐकली. मग घराचं वर्णन सुरू झालं.

"या घरातील ज्येष्ठ श्राविका आठवड्यातून पाच दिवस सामायिक करतात. चातुर्मासात महिन्याला सरासरी साडेसहा दिवस हिरवी भाजी वर्ज्य करतात."

"साडेसहावा दिवस कसा करायचा बेटा?" दादीजींनी विचारलं. "दुपारपर्यंत?"

रूपल हसली. मोहिनीने ते दुरुस्त करते म्हणून पेन्सिलीने खूण केली आणि पुढे वाचलं. "त्यांनी पर्युषणात अठाई केलेली असून..."

दादीजींचा हात वर झाला. रूपलचं लाटणं थांबलं.

"ही बाई चांगली आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याहून चांगली आहे. पण ही मी नाही. मी अठाई कधी केली नाही. तुला कुणी सांगितलं?"

दहापैकी सात जणींनी केली आहे, असं मोहिनी पुटपुटली. बोलता बोलताच तिला ऐकू आलं की आपण काय बोलतोय.

"सात जणींचा उपास माझ्या नावावर लिहिलास." दादीजींचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मोहिनीला जास्त लागलं. "जे तप मी केलं नाही ते मी केलं, यावर मी सही करू? खोटं बोलायचं नाही हा तर पहिल्या पाचांतला नेम. तू माझ्यासाठी एवढं पुस्तक लिहिलंस, पण सही मी नाही करणार बेटा. रागावू नको."

त्या उठून आत गेल्या. मोहिनी कागद गोळा करत बसली. डोळ्यांत पाणी आलं ते तिने लपवलं नाही, कारण रूपलने पाहिलंच होतं. रूपलने तिला स्वयंपाकघरात नेलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "तुम्हाला माहीत नव्हतं, तुमचा काय दोष. मम्मीजी नवीन सून असताना अठाईला बसल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांच्या सासूबाईंनी, सुगंधाबाईंनी, मोडायला लावली. फार कडक होत्या म्हणे. सुनेचं नाव होतंय ते बघवलं नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मम्मीजी त्यावर कधी बोलत नाहीत."

सोमवारी धुळ्यात मोहिनी सरांसमोर उभी राहिली आणि जे झालं ते सगळं सांगितलं, नऊ घरांसकट. पानं सादर करायची तारीख शुक्रवार होती. सर रागावतील, आवाज बारीक होईल, याची तिने तयारी ठेवली होती. सरांनी तिला बसायला सांगितलं.

"दहा ठिकाणची माती का मिसळता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. खरंच माहीत नसल्यासारखं.

"शेताला एकच खत द्यायचं असतं सर. जागोजागी वेगळं देता येत नाही."

"बरोबर. मग इथे कुणाला खत द्यायचं होतं?"

"कुणालाच नाही," मोहिनी म्हणाली. सर म्हणाले, "तुमचं जुनं शिक्षण वाईट नाही. ते कुठे लागू पडत नाही एवढंच शिकायला हे वर्ष ठेवलंय, आणि तुम्ही ते आज शिकलात. त्याबद्दल त्या आजींचे आभार मानायला हवेत. त्यांच्यासारखं कान देऊन ऐकणारं घर सगळ्यांना मिळत नाही. पोस्टमास्तरांनी निवडलेल्या घराने तर न ऐकताच सही केली, त्यांना परत पाठवलंय मी." मग उठता उठता म्हणाले, "तारीख मात्र शुक्रवारच."

वसतिगृहाच्या खोलीत मोहिनीने प्रश्नावलीचे सगळे कागद पेटीत घातले आणि नुसती आठवत बसली. तीन महिन्यांत त्या घरात मी काय पाहिलं? काही न विचारता काय पाहिलं?

तिला पाणी आठवलं. पर्युषणाचे आठही दिवस दादीजी सूर्य उगवला की दोन शेगड्यांवर पितळी पातेली चढवायच्या. पाणी खळखळ उकळलं की मोठ्या पराती मांडून त्यात ओतायचं, निवू द्यायचं, फडक्याने झाकून कळशा भरायच्या. गल्लीत उपवासाला बसलेल्या सगळ्या बायकांचं पाणी या घरातून जायचं. कुणाला कोमट लागतं, कुणाला पूर्ण निवलेलं, कुणाच्या घरी चार वाजता पुन्हा ताजं न्यायचं, हे दादीजींना पाठ होतं. अंगात ताप असतानाही एक दिवस त्या शेगडीपाशी होत्या, रूपलने बाजूला करायचा प्रयत्न केला तर तिच्यावर डोळे वटारले होते. मोहिनीने स्वतः कळशा वाहिल्या होत्या, तिचे हात पोळले होते. आणि चाळीस पानांत पाण्याचं एक अक्षर नव्हतं, कारण प्रश्नावलीत तो रकानाच नव्हता.

मोहिनीला स्वतःची लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. आपण पाहिलं होतं. डोळ्यांनी आपलं काम केलं होतं, फक्त हाताने लिहिलं नव्हतं. तीन दिवस तिने झपाट्याने लिहिलं. साडेसहा गेला, सरासरी गेली, आली ती एकच बाई आणि तिची पातेली. अठाईबद्दल काहीच न लिहिणं लपवाछपवीचं झालं असतं. म्हणून रूपलने सांगितलेली हकिगत तिने जपून, दोन ओळींत लिहिली. घरात असं सांगतात, असंही प्रामाणिकपणे जोडलं.

गुरुवारी एरंडोलवरून जाणाऱ्या बसमध्ये तिने ती पानं पुन्हा वाचली. आज सही मिळाली तर उद्या सकाळी कॉलेज, नाही तर उद्या सकाळी यावल. बस इतकी गचके खात होती की दुसरा काही विचार करायची सोयच नव्हती.

दादीजींनी तिला पाहिलं आणि खुर्ची स्वतःच खिडकीपाशी ओढली. रूपल आजही शेजारी बसली. मोहिनीने वाचायला सुरुवात केली. पाण्याच्या पानांपाशी आली तेव्हा दादीजींनी डोळे मिटले. कुणाला कोमट, कुणाला निवलेलं, हे ऐकताना त्यांच्या ओठांवर हसू आलं. "चारला ताजं लागायचं ते शांताबाईला," त्या मधेच म्हणाल्या, "नाव घाल तिचं." मोहिनीने घातलं. तिचा जीव भांड्यात पडायला लागला होता.

मग त्या दोन ओळी आल्या. "कुसुमलता यांनी तरुणपणी अठाईचा संकल्प केला होता. तो पाचव्या दिवशी त्यांच्या सासू सुगंधाबाई यांनी मोडायला लावला, असे घरात सांगतात. सुगंधाबाई कडक स्वभावाच्या होत्या."

दादीजींनी डोळे उघडले. "पुढे वाच," त्या म्हणाल्या.

मोहिनीने शेवटपर्यंत वाचलं. शेवटचं पान सहीचं होतं. वर छापलेलं होतं, 'आम्हाला वाचून दाखवले, हे आम्हीच', आणि खाली 'नाव व ओळख' असं लिहून रेघ सोडलेली. रूपलने पेन पुढे केलं. दादीजींनी ते घेतलं, टोपण काढलं, कागदावर हात टेकवला आणि तसाच ठेवला. सही केली असती तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. जी गोष्ट गल्ली पंचावन्न वर्षं सांगत आली तीच तर तिथे लिहिलेली होती.

"रूपल," त्या म्हणाल्या, "त्या कडक नव्हत्या."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मांडीवर ठेवलं.

"मी बावीस वर्षांची होते. गल्लीतल्या तिघी सुना अठाईला बसल्या, म्हणून मी बसले. धर्म वगैरे मनात काही नव्हतं, त्या बसल्या आणि मी नाही असं नको, एवढंच. पाचव्या दिवशी दुपारी मला भिंती हलताना दिसायला लागल्या. सासूबाई आत आल्या तर मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, आई, मला खायला द्या. मीच म्हटलं. त्यांनी एक शब्द विचारला नाही. दार लावलं, मूग शिजवून त्याचं पाणी काढलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाजलं. मला खाण्यापेक्षा रडायलाच जास्त येत होतं. माहेरची आब्रू जाईल, जन्मभर बोलतील. त्या म्हणाल्या, तू बोलू नको, मी बोलते. आणि पदर नीट करून थेट स्थानकात, साध्वीजी उतरल्या होत्या तिथे, गेल्या. साध्वीजींना सगळ्यांसमोर सांगितलं, सुनेचा नेम मी मोडला, मला प्रायश्चित्त द्या. माझे उरलेले तीन दिवस त्यांनी स्वतः काढले, उपाशी. त्यांचं पाणी मी उकळलं. ते मी उकळलेलं पहिलं पाणी."

खाली रस्त्यावरून कुणी भाजीवाली ओरडत गेली.

"गल्ली म्हणाली, सासूला सुनेचं पुण्य बघवलं नाही. त्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या त्या, आणि एकोणीस वर्षं ऐकून घेतलं. त्यांनी खरं काय ते उघड केलं नाही, ते माझ्यासाठी. मी बोलले नाही ते मात्र माझ्याचसाठी. दर संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, मी त्यांचे पाय धरून क्षमा मागायची, त्या डोक्यावर हात ठेवायच्या. पण गल्लीसमोर माझं तोंड उघडलं नाही. त्या गेल्या तेव्हा वाटलं, आता कुणाला सांगायचं? आता तू कागदावर लिहून आणलंस. तोंडातलं बोलणं कधी तरी थांबतं, कागद राहतो. माझ्या सहीने त्या कायमच्या कडक होतील."

रूपल हातातला रुमाल घडी घालत होती, उलगडत होती. "मी तर आपल्या चेलनालाही हेच सांगितलं," ती म्हणाली. "हसत हसत सांगितलं."

"आज ती कॉलेजातून आली की दुसरं सांग."

मोहिनीने त्या दोन ओळींवर रेघ मारली. कोरा कागद घेतला आणि दादीजींनी सांगितलं ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत हाताने लिहिलं. घाईत अक्षर वाईट आलं. परीक्षेचं तिच्या डोक्यात आता राहिलंच नव्हतं. एका माणसाने पंचावन्न वर्षं कुणाला न दिलेली गोष्ट आपल्या हातात दिली, आपण त्याला लायक होतो की नाही देव जाणे, पण दिली. तिला इतकं भरून आलं होतं की मध्येच थांबून तिने वाकून दादीजींच्या पायांना हात लावला. दादीजींनी तिला उठवलं आणि लिहिलेलं वाच म्हणाल्या, अट ती अट.

मोहिनीने वाचलं. 'सासूबाईंनी उपवास सोडायची परवानगी दिली' या वाक्याला दादीजींनी थांबवलं.

"परवानगी नव्हे. मला खायला दिलं. एवढंच लिही."

तेवढंच लिहिलं.

मोहिनी पास झाली हे इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. सरांनी शुक्रवारी चाळीस पानं आणि ते वाईट अक्षरातलं एकेचाळिसावं पान खुर्चीतून न उठता वाचून काढलं. लाल पेन उघडलंच नाही. यावलला लीलाधररावांना फोनवर कळवलं तेव्हा ते "बरं झालं माय" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जळगावच्या त्या घरी केळीचा आख्खा घड पोहोचता झाला. पण हे सगळं नंतरचं.

त्या गुरुवारी दादीजींनी पेन पुन्हा उघडलं. बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठेही सही करायची तर त्या नवऱ्याचं नाव लावून 'कुसुमलता भिकमचंद' अशी करायच्या, रूपलला ते माहीत होतं. तिने चष्मा पुढे केला. दादीजींनी रेघेवर हळूहळू, एकेक अक्षर जोर देऊन लिहिलं, आणि कागद मोहिनीकडे सरकवला.

तिथे लिहिलं होतं, 'कुसुमलता, सुगंधाबाईंची सून.'